'गुजारिश': दयेची मागणी आणि दयेचे उत्तर

असाध्य पीडेने गांजलेल्या माणसाने मरण मागितले, तर ते त्याला द्यावे काय? संजय लीला भन्साळी यांचा 'गुजारिश' (२०१०) हा हिंदी चित्रपट हाच प्रश्न विचारतो. कथा गोव्यात घडते. नायक इथन मस्करेन्हस आणि त्याची परिचारिका सोफिया डिसूझा ही दोघे आपल्याच समाजातली वाटावीत अशी आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधणे आपल्यालाही टाळता येत नाही.

इथन हा एके काळचा नामवंत जादूगार. अपघाताने मानेखालचे सारे शरीर लुळे पडले, त्याला चौदा वर्षे लोटली आहेत. बिछान्यावरूनच तो रेडिओवर श्रोत्यांना जगण्याची उमेद देतो आणि अखेर स्वतःसाठी मात्र न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो. सुनावणीत तो विरोधी वकिलाला जादूच्या पेटीत बंद करवतो. थोड्याच वेळात वकील जीव गुदमरून ओरडू लागतो. आपले अवघे आयुष्य असेच आहे, हे इथनला दाखवायचे असते.

हा प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. दुःखाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने, आम्हा धर्मगुरूंनीही, त्या पेटीत क्षणभर शिरावे. परंतु पेटीत कोंडलेला वकील ओरडतो तो बाहेर काढा म्हणून. मारून टाका म्हणून नव्हे. दिग्दर्शकाच्या हातून हा धागा निसटला आहे.

दुसरा प्रसंग पावसाळी रात्रीचा. गळक्या छपरातून इथनच्या कपाळावर रात्रभर पाणी ठिबकत राहते आणि त्याला बाजूला सरकता येत नाही. त्या रात्री उणीव कशाची असते? उशाशी बसणाऱ्या एका माणसाची. सोफियाने बारा वर्षे जी सेवा केली, तीच या चित्रपटाच्या निष्कर्षाविरुद्धची सर्वांत मोठी साक्ष आहे. न्यायालय अर्ज फेटाळते. मग सोफियाच त्याला मरणासाठी साहाय्य करण्यास तयार होते. निरोपाचा समारंभ हसतखेळत रंगतो आणि चित्रपट तेथेच थांबतो. दुसऱ्या दिवशीची सोफिया आपल्याला दिसत नाही. ज्या हातांनी घास भरवला, त्याच हातांनी प्राण घ्यायचे, हे ओझे तिने कसे वाहावे? हा प्रश्न चित्रपटाने विचारलेलाच नाही.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण नीट समजून घेतली पाहिजे. कोणत्याही उपायाने आयुष्य लांबवीत राहा, असे ती सांगत नाही. इतर मार्ग नसेल तर वेदनाशामक औषधे, त्यांनी आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी, देता येतात, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले. मरण समीप आले असता केवळ यातना लांबविणारे उपचार नाकारण्याची मुभा १९८० च्या व्हॅटिकनच्या निवेदनात आहे. मरण येऊ देणे आणि मरण घडविणे यांत मात्र फरक आहे. दुःख संपविण्यासाठी दुःखिताला संपविणे हा देवाच्या नियमाचा गंभीर भंग होय, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या विश्वपत्रात निक्षून सांगितले.

चित्रपटानंतर काही महिन्यांतच, ७ मार्च २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग यांच्याविषयीचा निकाल दिला. त्यांनी स्वतः मरण मागितले नव्हते, ते मागण्याच्या अवस्थेतच त्या नव्हत्या. म्हणून ही तुलना बेताने करावी. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना आपले मानून सांभाळले. चित्रपटाला न सुचलेले उत्तर या स्त्रियांनी न बोलता दिले होते. वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना हेच उत्तर देत आले आहे.

२०१८ च्या निकालाने उपचार थांबविण्याविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. सक्रिय दयामरण आपल्या देशात आजही निषिद्ध आहे. तेवढ्यावर समाधान मानून आपण स्वस्थ बसावे काय? 'मी सर्वांना भार झालो' हे वाक्य आजाऱ्याच्या तोंडी एका दिवसात येत नाही. न आलेल्या भेटींतून आणि कंटाळलेल्या चेहऱ्यांतून ते तयार होते. आपल्या धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे आपण महिन्यातून किती वेळा जातो? रात्र जागून थकलेल्या त्याच्या सुनेला एका रात्रीची झोप कोण देतो? इथनचा अर्ज फेटाळण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर त्याच्या गळक्या छपराखाली जाऊन बसण्याचे कर्तव्यही आपल्याकडेच येते.