परकी चित्रे, स्वकीय शब्द : फिनलंडमधील डोनाल्ड डक

लहान देशाची भाषा बलाढ्य देशाच्या करमणूक-व्यवसायापुढे टिकाव धरील काय, हा प्रश्न बहुधा चिंतेच्या सुरातच विचारला जातो. फिनलंडमधील ‘आकू आंक्का’ ह्या बालसाप्ताहिकाचा इतिहास त्या चिंतेला सर्वस्वी दुजोरा देत नाही. तिचे पूर्ण निरसनही करीत नाही. भाषेच्या अभ्यासकास तो उद्बोधक वाटावा तो ह्याच कारणाने.

वॉल्ट डिस्ने ह्यांचा डोनाल्ड डक १९३४ साली चित्रपटात अवतरला. नियतकालिकाच्या रूपाने तो १९४८ साली स्वीडन व नॉर्वे येथे आणि १९४९ साली डेन्मार्कमध्ये पोहोचला. फिनलंडमध्ये ‘आकू आंक्का’चा पहिला अंक ५ डिसेंबर १९५१ रोजी निघाला. सोव्हिएट रशियाला द्यावयाची युद्धखंडणी देश त्या वेळी फेडीत होता. ती १९५२ साली पुरी फिटली, आणि त्याच वर्षी हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने भरले. पाश्चात्त्य जगाकडे पुन्हा पाहू लागलेल्या समाजात हे बदक आले ते अमेरिकन सुबत्तेचा निरोप घेऊनच. आरंभी मासिक असलेले हे पत्र १९६१ साली साप्ताहिक झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सुमारे ५३ लाख वस्तीच्या ह्या देशात, त्याचा खप तीन लाखांच्या वर गेला.

एवढ्या लोकप्रियतेचे कारण केवळ चित्रांत शोधणे योग्य होणार नाही. चित्रे सर्व देशांत सारखीच होती. भेद पडला तो शब्दांमुळे. अनुवादकांनी डोनाल्डच्या नगरीस ‘आंक्कालिन्ना’ हे नाव दिले. ‘आंक्का’ म्हणजे बदक व ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. साव्होन्लिन्ना, हॅमेन्लिन्ना ही फिनलंडमधील खरी गावे. त्यांच्या पंगतीत ही कल्पित नगरी सहज जाऊन बसली. नशीबवान ग्लॅडस्टोन ‘हान्नू हान्ही’ झाला. ‘हान्ही’ म्हणजे हंस, आणि अनुप्रासही साधला गेला. विक्षिप्त संशोधकाचे नाव ‘पेल्ले पेलोतोन’. त्यातील ‘पेलोतोन’चा अर्थ निर्भय, ‘पेल्ले’ हे व्यक्तिनाम खरे, परंतु विदूषकालाही तोच शब्द आहे. मूळ नावांचे हे भाषांतर नव्हे; फिनिश भाषेच्या प्रकृतीतून झालेली ही नवी घडण होय. २००१ साली हेलसिंकी विद्यापीठाच्या फिनिश भाषा-विभागाने ह्या साप्ताहिकाच्या भाषेचा पुरस्कार देऊन गौरव केला. ज्या वाङ्मयापासून मुलांची भाषा बिघडेल अशी भीती घालण्यात येते, त्याच्याच भाषेची विद्यापीठाने प्रशंसा करावी, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

ह्याच्या उलट टोकाचे प्रतिपादन १९७१ साली चिलीमध्ये आरिएल डोर्फमन व आर्मां मातलार ह्यांनी केले. डोनाल्डच्या विश्वात संपत्ती असते, पण ती निर्माण करणारे श्रम दिसत नाहीत. दूरदेशीचे लोक भोळे असतात, आणि त्यांचे धन सुखाने उचलून नेता येते. हे विश्लेषण मर्मग्राही आहे. परंतु त्याचा सारा रोख कथानकावर आहे. तेच कथानक निराळ्या भाषेत निराळे जीवन जगू शकते, ही शक्यता त्यात पुरेशी विचारात घेतलेली नाही. फिनलंडचे उदाहरण ही उणीव दाखविते.

तथापि तेवढ्यावरून फिनलंडचा विजय झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९९९ साली डॉन रोझा ह्या अमेरिकन चित्रकथाकाराने ‘कालेवाला’ ह्या फिनिश महाकाव्यावर आधारलेली बदककथा रचली. एलियास ल्योन्रोतने लोकगीतांतून १८३५ साली सिद्ध केलेले आणि १८४९ साली विस्तारलेले हे काव्य फिनिश राष्ट्रभावनेचा आधारस्तंभ मानले जाते. फिनिश वाचकांविषयीच्या आदराने लिहिलेल्या ह्या कथेत व्हॅइनॅमोइनेनसारखा पुराणपुरुष अवतरतो. परंतु कंजूष धनिक स्क्रूज ‘सांपो’ ह्या अद्भुत जात्याच्या शोधास निघतो तो त्यातून सोने निघते म्हणून. आदर खरा आहे. पण कथेचा साचा धनशोधाचाच राहतो. राष्ट्राची पुराणकथा अतिथीच्या घराच्या आकारात बसवावी लागते, हे येथे विसरून चालत नाही.

येथे दोन प्रकारचे स्वामित्व वेगळे करणे आवश्यक आहे. पात्रांवरील हक्क अमेरिकन संस्थेकडे आहे, आणि कथांचा मोठा भाग डेन्मार्क व नेदरलंड्स येथील प्रकाशनसंस्थांनी सिद्ध केलेला असतो. कारी कोर्होनेन ह्यांच्यासारखा एखादा फिनिश चित्रकथाकार त्यात भर घालतो, इतकेच. फिनलंडचे स्वतःचे असे जे आहे, ते पात्रांच्या तोंडची भाषा. ही मिळकत लहान नव्हे. मुलाच्या मनात शब्दसंपत्ती रुजते ती अशाच वाचनातून, आणि ती रुजविणारे संपादक व अनुवादक स्वभाषेविषयी दक्ष असल्यास परकी वस्तूही भाषेची सेवा करू शकते. मात्र भाषा आपली झाली म्हणजे कल्पनाविश्वही आपले झाले, असे होत नाही. पहिले कार्य चांगला अनुवादक करू शकतो. दुसऱ्यासाठी स्वतंत्र लेखकच जन्मास यावा लागतो.