सुपारी घेणारा शेजारी

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं आणि आता ब्रूस विलिसच्या विनोदी सिनेमावर बोलणार?’ बोलणार. नीतिशास्त्राच्या वर्गात आपण जो प्रश्न फार सोवळ्यात ठेवतो, तो या सिनेमाने शेजाऱ्याच्या अंगणात आणून ठेवलाय.

सिनेमा आहे ‘द होल नाइन यार्ड्स’, साल २०००. दिग्दर्शक जोनाथन लिन. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी माणूस ओळखीचा आहे. ‘येस मिनिस्टर’ ज्या दोघांनी लिहिलं, त्यातले एक अँटनी जे आणि दुसरे हे. त्याचंच हिंदी रूप म्हणजे आपल्याकडचं फारूख शेख यांचं ‘जी मंत्रीजी’. लिन केंब्रिजला कायदा शिकलेले आहेत आणि ते या सिनेमात दिसतं. इथे माणसं पिस्तुलाने मरतात, पण पैसा मोकळा होतो तो सह्यांनी आणि मृत्यूच्या दाखल्यांनी. मला हा भाग फार आवडतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं एक उपनगर. तिथे निकोलस ओसेरान्स्की, म्हणजे ओझ, हा दंतवैद्य राहतो. मूळचा अमेरिकन. सासऱ्याच्या कर्जात बुडालेला, बायकोने पिडलेला. हे काम मॅथ्यू पेरीचं. शेजारच्या घरात नवा माणूस राहायला येतो आणि ओझ त्याला ओळखतो. हा शिकागोचा जिमी टुडेस्की, टोपणनाव ट्युलिप. सुपारी घेऊन माणसं मारणारा. गोगोलाक टोळीविरुद्ध साक्ष देऊन लपलेला आहे.

‘सुपारी’ हा आपला शब्द बघा. तमाशाच्या फडालाही सुपारी देतात आणि माणूस मारायलाही. शब्द सांगतो की हा एक रीतसर ठराव आहे, इसार घेतलाय, आता काम होईल. जिमी असाच आहे. खून करणं हा त्याचा राग नाही, धंदा आहे. राग त्याला येतो तो कॅनडातल्या हॅम्बर्गरमध्ये मेयोनीज घालतात याचा.

ओझ घाबरत घाबरत त्याच्याशी मैत्री करतो. एकदा त्याने मारलेल्या माणसांचा विषय निघतो, तेव्हा जिमी जे म्हणतो त्याचा आशय असा: किती मारले हे महत्त्वाचं नाही, जे जिवंत आहेत त्यांच्याशी माझं कसं जमतं, ते महत्त्वाचं. थिएटरात हशा होतो. पण हसून झाल्यावर जरा थांबा. आपण स्वतः याहून वेगळं काय करतो? आपल्या सोसायटीतला एखादा गृहस्थ बाहेर काय धंदे करतो हे आपण विचारत नाही. रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायला त्याने गाडी काढली, की तो चांगला माणूस. याला आपण शेजारधर्म म्हणतो. ‘धर्म’ हा एवढा मोठा शब्द आपण चक्क सामायिक भिंतीला जोडला. सिनेमा विचारतो, भिंतीपलीकडचे जे मेले, त्यांचं काय? आणि हे तो विनोदाच्या आडून विचारतो म्हणून आपण ऐकून घेतो.

आता कांट. १७९७ मध्ये कांटने एक छोटा निबंध लिहिला. परोपकारासाठी खोटं बोलण्याचा अधिकार असतो का, हा विषय. दारात खुनी उभा आहे, विचारतोय की तुझा मित्र घरात लपलाय का. कांट म्हणतो, तरीही खोटं बोलू नये. वर आणखी सांगतो की तू खोटं बोललास आणि मित्र तोवर मागच्या दाराने निघून नेमका खुन्याच्या वाटेत आला, तर जबाबदारी तुझ्यावर येईल. दोनशे वर्षं लोक या उदाहरणावर डोकं धरून बसलेत.

लिनच्या सिनेमात हेच उदाहरण उलटं टांगलेलं आहे. लपलेला मित्र स्वतःच खुनी आहे. बायको सोफी ओझला शिकागोला पिटाळते: जा, जिमीचा पत्ता टोळीला सांग, पैसे मिळतील. ओझची सांगायची इच्छा नाही. पण फ्रँकी फिग्स नावाचा धिप्पाड माणूस (मायकेल क्लार्क डंकन, काय हसतो तो!) त्याला उचलून यानी गोगोलाकपुढे उभा करतो. आणि गंमत अशी की फ्रँकी आतून जिमीचाच दोस्त आहे. गोगोलाकने मॉन्ट्रियलला यावं हेच जिमीला हवंय. एक कोटी डॉलर अडकलेत. ते सुटायला जिमी, त्याची बायको सिंथिया आणि गोगोलाक या तिघांच्या सह्या हव्यात, किंवा जो सही करणार नाही त्याच्या मृत्यूचा दाखला. म्हणजे ओझने खरं सांगितलं तरी ते आमिषच ठरतं. आपण कशाला हो म्हणतोय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या सत्यवचनाचं मोल किती? कांटच्या उदाहरणात दारातला माणूस खुनी आहे एवढं तरी नक्की असतं. ओझला तेवढीही खात्री नाही.

पेरी ही अवस्था अंगाने दाखवतो. काचेच्या दारावर धाडकन आपटतो, अडखळतो, शब्द घशात अडकतात. समोर विलिस जवळजवळ हलतच नाही. एक माणूस भीतीने सतत हलतोय, दुसऱ्याला भीती नाही म्हणून तो स्थिर आहे, यावर सिनेमा चालतो. पेरी २०२३ मध्ये गेला आणि विलिसने आजारामुळे २०२२ मध्येच काम थांबवलं. आज ही जोडी पाहताना थोडं वेगळं वाटतं, ते असो.

बर्गसाँने हास्यावरच्या पुस्तकात म्हटलंय की हसण्यासाठी हृदय घटकाभर बधिर व्हावं लागतं. इथे नायकच दंतवैद्य, बधिर करणं हे त्याचं रोजचं काम! शेवटाकडे एक प्रसंग आहे, माझ्या मते सिनेमातला सर्वांत धीट. गुप्त वेशातला एक पोलीस मारला गेलाय. ओझ त्या प्रेताचे दात कोरून, भरून, जिमीच्या दातांसारखे करतो. मग प्रेत जाळायचं आणि कागदोपत्री जिमी मेला. सबंध सिनेमात हा माणूस पहिल्यांदा आपलं काम मन लावून करताना दिसतो, आणि तो गुन्हा आहे. लॉकने ‘व्यक्ती’ ही न्यायालयाची संज्ञा म्हटली होती, कोणत्या कृत्याचा जाब कुणाला विचारायचा ते ठरवण्यासाठी. ओझ जिमीची ती सगळी बाकी एका मेलेल्या माणसाच्या जबड्यात भरून टाकतो. आपण हसतो. त्या पोलिसाच्या घरी कोण असेल, हा प्रश्न सिनेमा आपल्याला पडू देत नाही. बधिरपणा इथे पूर्ण उतरलाय.

माझा आक्षेप मात्र याला नाही, सोफीला जी वागणूक मिळते तिला आहे. ओझच्या दवाखान्यातली मदतनीस जिल (अमांडा पीट) हिने त्याला मारायची सुपारी सोफीकडूनच घेतलेली असते, पण माणूस आवडला म्हणून ती मारत नाही. जिलला जिमीसारखं व्हायचंय, तो तिचा आदर्श. ती गोड. जिमी गोड. फ्रँकी गोड. आणि जी स्वतः पिस्तूल चालवत नाही ती सोफी तेवढी अवदसा, त्यात रोझाना आर्केटला दिलेले ते ओढूनताणून फ्रेंच उच्चार. मारेकऱ्यांकडे एवढ्या समजुतीने पाहणाऱ्या पटकथेला एका लोभी, कंटाळलेल्या बाईसाठी दोन मिनिटं सापडत नाहीत. ही लेखकाची सोय झाली. नायकाला सिंथियाच्या प्रेमात पाडायचं, तर बायको वाईटच हवी.

आपल्याकडे २००२ मध्ये विक्रम भट्ट यांनी यावरून ‘आवारा पागल दीवाना’ केला. अक्षय कुमार मारेकरी, आफताब शिवदासानी दंतवैद्य. परेश रावल यांचा सासरा मजा आणतो, नाही म्हणत नाही. पण तिथे मारेकरी उड्या मारत लढणारा नायक झाला. नायकाच्या शेजारी राहायची भीती कशी वाटणार? विलिस ‘ये, बस’ म्हणतो, त्यातली भीती तिथे उरली नाही.

शेवटचा मुद्दा. सगळं निस्तरल्यावर एक प्रश्न उरतो: इतकं ठाऊक असलेल्या ओझला जिवंत ठेवायचं का? जिमी ओझला सोडतो आणि गोळी घालतो फ्रँकीला. जुन्या दोस्ताला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे नुसतं पटकथेचं वळण वाटलं. आता वाटतं, जिमीच्या त्या वाक्याचा हिशेब इथे होतो. फ्रँकीही जिवंत होता, त्याच्याशीही उत्तम जमत होतं. ओझ मात्र खूश आहे. नायगरा धबधब्यापाशी तो सिंथियाबरोबर नाचतोय, आणि फ्रँकीची आठवण कुणी काढत नाही.

थांबतो इथे. प्रश्न घेऊ या. कांटवाल्यांनी आधी हात वर करा.