शौर्य, मराठी कादंबरीतील
शौर्य, मराठी कादंबरीतील : भयाची जाणीव असूनही कृतीस प्रवृत्त करणारा, व्यक्तिरेखांच्या ठिकाणी आढळणारा गुण. भारतीय साहित्यशास्त्राने त्याचा विचार वीररसाच्या अनुषंगाने केला. उत्साह हा या रसाचा स्थायीभाव. विश्वनाथाने साहित्यदर्पणात वीराचे दान, धर्म, युद्ध व दया असे चार प्रकार मानले. शस्त्राविना शौर्य संभवते हे त्यात गृहीत आहे. तथापि भरताच्या नाट्यशास्त्रानुसार वीररसाचा आश्रय उत्तम प्रकृतीची व्यक्तीच असते आणि संस्कृत नाटकांत ती बहुधा राजकुलातील आढळते. शूर कोण असू शकेल, हा प्रश्न शास्त्राने असा आधीच मिटविला होता.

हरि नारायण आपटे यांच्या उषःकालपासून मराठी ऐतिहासिक कादंबरीने मुख्यतः युद्धवीरच रंगविला. आपट्यांनीच पण लक्षांत कोण घेतो मध्ये यमूच्या रूपाने घराच्या चार भिंतींतील धैर्यही दाखविले. पण त्याला शौर्य म्हणण्याची समीक्षकांची तयारी नव्हती.

हा संकेत उघडपणे मोडला तो जुन्या सातारा जिल्ह्याच्या परिसरातून आलेल्या लेखनाने. कोरेगाव, माण हे तालुके आणि कृष्णा–वारणाकाठचे वाळवे (या तालुक्यातही कोरेगाव नावाचे एक गाव आहे) हे १९४९ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा त्या वर्षी वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नाना पाटील यांच्या प्रतिसरकारमुळे या मुलखात पराक्रमाच्या कथा पोवाड्यांतून घरोघर पोहोचल्या होत्या. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) स्वतः शाहीर होते.

त्यांची फकिरा (१९५९) ही कादंबरी वास्तवात होऊन गेलेल्या एका मांग बंडखोराच्या जीवनावर आधारलेली आहे. तीत शौर्याचे तीन स्तर दिसतात. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणताना प्राण गमावतो. जत्रेचा मान गावाला मिळावा म्हणून तो मरतो, आणि त्याच गावात त्याचे घर मात्र वेशीबाहेर असते. ही विसंगती लेखक बोलून दाखवीत नाही. ती अधिक बोचते. पुढे दुष्काळात फकिरा मळवाडीचे धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो. कायद्याच्या लेखी हा दरोडा. विश्वनाथाच्या वर्गवारीत त्याला दयावीर म्हणावे लागेल. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने (१८७१) ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्यांच्यातील एकाला असे म्हणणे, ही या कादंबरीची खरी झेप होय. तिसरा स्तर अखेरीस येतो. सरकार त्याच्या आप्तांना कोंडते आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा आपण होऊन स्वाधीन होतो. लुटीचे प्रसंग लोकप्रिय असले, तरी कादंबरीतील सर्वांत अवघड शौर्य या शरणागतीतच आहे; लढण्याची शक्ती शिल्लक असलेला माणूस येथे शस्त्र ठेवतो. अण्णा भाऊंची शैली कित्येकदा पोवाड्याच्या चढ्या सुरात जाते व प्रतिपक्षाची माणसे सपाट राहतात, हेही नमूद केले पाहिजे. १९६१ मध्ये फकिराला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या बनगरवाडीत (१९५५) चढा सूर मुळीच नाही. औंध संस्थानातील या धनगरवस्तीत आलेला तरुण मास्तर बुजरा आहे. गावकरी अंगमेहनतीने तालीम बांधतात. परंतु बळाची परीक्षा तालमीत होत नाही. शेकूकडे बैल पुरे नसतात, तेव्हा त्याची बायको स्वतः बैलाच्या जोडीला जुंपून घेते. माडगूळकर हे दृश्य कौतुकाचा एकही शब्द न खर्चता सांगतात आणि पेरणीच्या दिवसांतल्या इतर कामांसारखेच ते पुढे सरकते. उद्धव शेळके यांच्या धगमधील (१९६०) विदर्भातील कौतिक तिच्याच जातकुळीची. पुढे दुष्काळ पडतो, माणसे जनावरे घेऊन निघून जातात, आणि मास्तर ओसाड वाडीत मागे उरतो.