न बोलणारी खिडकी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. अशा चौकात केवळ दिव्याचा रंग बदलून भागत नाही. ज्याला तो दिसत नाही, त्याला सूचना ऐकू यावी लागते. संकेतस्थळांवरील पॉप-अपचेही असेच आहे.

अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऑनलाइन अर्ज भरतो. हा प्रोग्रॅम पडद्यावरचे चित्र पाहत नाही. ब्राउझर पानातील शीर्षके, बटणे, रकाने यांची एक मांडणी तयार करतो. फोकस, म्हणजे की-बोर्डचे लक्ष, जेथे असेल तेथून स्क्रीन रीडर ती वाचतो. ‘जमा करा’ दाबल्यावर ‘जन्मतारीख चुकली’ अशी लाल ओळ वर उमटली आणि फोकस खालीच राहिला, तर काहीच ऐकू येत नाही. अर्ज गेला असे समजून विद्यार्थी उठतो आणि प्रवेशाची मुदत टळते.

उपाय अवघड नाही. खिडकी उघडताच फोकस तिच्यात न्यावा, तो मागच्या पानावर भटकू देऊ नये, एस्केप दाबताच ती बंद व्हावी आणि फोकस मूळ बटणावर परतावा. छोट्या सूचनेसाठी फोकस हलवू नये. ती पानात आधीच राखलेल्या ‘लाइव्ह’ जागेत लिहावी. २०१४ साली प्रमाणित झालेल्या ‘एरिया १.०’मध्ये ही सोय आहे. ‘पोलाइट’ सूचना चालू वाक्य संपेपर्यंत थांबते, ‘असर्टिव्ह’ मध्येच बोलते. सगळ्याच सूचना असर्टिव्ह केल्या तर नुसता गोंगाट होतो.

नियमांचीही वाण नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये अशा सूचनांसाठी स्वतंत्र कसोटी आहे. भारत सरकारची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे तिच्यावरच आधारलेली आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता ही जीविताच्या हक्काचा भाग मानली.

माझा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर आहे. स्वयंचलित तपासनीस बटणाला नाव आहे का, हे सांगतो. सूचना योग्य वेळी ऐकू आली का, खिडकी मिटल्यावर माणूस कोठे पोहोचला, हे तो खात्रीने सांगू शकत नाही. केवळ त्याच्या अहवालावर विसंबणे म्हणजे प्रयोग न करताच निष्कर्ष लिहिणे होय.

तेव्हा प्रयोग करावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर विनामूल्य चालतो. मॉनिटर बंद करून, माउस बाजूला ठेवून वर्गातील विद्यार्थ्यांना एखादा अर्ज भरायला सांगा. जेथे ते अडतील, तेथे दोष त्यांचा नाही, पानाचा आहे.