पैनगंगेची रेघ आणि समीक्षेचा नकाशा

प्रादेशिक साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षेने प्रदेशाची सीमा बहुधा महसुली नकाशावरूनच उचललेली आहे. ही उसनवारी किती महाग पडते, हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या काठी, विशेषत्वाने जाणवते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी, अशी वाटणी झाली. ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या काळात तर ही रेघ व्यवहारतः दोन देशांमधील सरहद्द होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सीमेवरील छावण्यांत उमरखेडची एक होती. १९५६ मध्ये किनवट व राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेले आदिलाबाद आंध्रात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे.

दोन्ही काठांवर गोंड, कोलाम, परधान आणि बंजारा राहतात. त्यांचे परस्परसंबंध केवळ शेजाराचे नाहीत. चाळीसच्या दशकात आदिलाबादेत काम करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे की, स्थानिक दैवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलाम पुजाऱ्याला बोलावीत, आणि गोंड कुळांच्या पुराणकथा गात तो परधान. या परधानाच्या घरची भाषा मराठी. यजमानापुढे तो गातो ती संहिता मात्र गोंडी. मराठी समीक्षेने थबकावे अशी ही वस्तुस्थिती आहे. येथे गायकाची मातृभाषा एक, संहितेची भाषा दुसरी, आणि संहितेवरील हक्क तिसऱ्याच, म्हणजे यजमान कुळाचा. कथा कुळाची असली तरी स्मृती परधानाची आहे. यजमानपद संपले की गाणेही संपते. ती कथा कोणा एका समाजात नव्हे, तर दोन समाजांमधील नात्यात वसते. अशा संहितेविषयी ‘हे कोणाचे साहित्य?’ हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो. परंतु आपल्या लोकसाहित्याच्या संकलनांनी भाषा हाच प्रवेशाचा परवाना मानला. परिणामी परधान आपल्या वाङ्मयेतिहासात यायचा तर कला बाहेर ठेवून यावे लागते. सेतुमाधवराव पगडींनी निजामी सेवेत असताना गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो शिवकालाचे इतिहासकार म्हणून. याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

रेघ पुसून टाकली की सारे एकसंध दिसेल, असा भाबडा निष्कर्षही काढता येत नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. पलीकडे, तेलंगण प्रदेशात, १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापासून लंबाडा ही अनुसूचित जमात आहे. म्हणजे एकाच बोलीतील तांड्याचे गीत अलीकडे ‘भटक्या-विमुक्तांचे साहित्य’ आणि पलीकडे आदिवासी साहित्य! ज्यांना आपण वाङ्मयीन प्रवाह म्हणतो, त्यांची नावे सरकारी अनुसूचीतून आलेली आहेत. त्या अनुसूचीने पलीकडे गोंड व लंबाडा यांच्यात जमीन आणि नोकऱ्यांवरून कटुता निर्माण केली, हेही विसरता येत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील बंजाऱ्यांनी हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. आदिवासी संघटनांनी त्यास विरोध केला. यवतमाळ वऱ्हाडात असल्याने निजामी दप्तराच्या कक्षेबाहेर राहते. कालबाह्य वाटलेली सरहद्द अशी पुन्हा हक्काच्या भाषेत बोलू लागली आहे.

या पार्श्वभूमीवर भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ (१९९०) कडे पुन्हा वळावे लागते. त्यांच्या मराठीत शिरणाऱ्या आदिवासी बोलींतील शब्दांना समीक्षेने बहुधा ‘बोलीचा रंग’ म्हणून गौरविले. रंग म्हटले की खालचा कागद मराठीचाच राहतो. त्या शब्दांमागे मराठीला शेजारी मानणाऱ्या, तिच्या अंगणात न वाढलेल्या भाषा उभ्या आहेत, असे वाचन अद्याप पुरेसे झालेले नाही. त्यासाठी गोंडी शिकावी लागेल, आणि मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात तिला तळटीपेपलीकडे जागा क्वचितच आढळते.