ऊब, धग आणि हिवाळ्याचे सुख

हिवाळ्याच्या सुखदुःखाचे जे वर्णन मराठी ललित लेखनात आढळते, त्याचे दोन ठरीव साचे सांगता येतात. पहिल्या साच्यात थंडी ‘गुलाबी’ असते, सकाळ प्रसन्न असते आणि निवेदक चहाचा पेला हाती घेऊन खिडकीतून धुके न्याहाळीत असतो. लघुनिबंधातून हा साचा वृत्तपत्री लेखनात उतरला व तेथे स्थिरावला. दुसऱ्या साच्यात ऋतूला ‘शिशिर’ हे संस्कृत नाव मिळते आणि पानगळ, शुष्कता व विरह हे त्याचे सोबती होतात. मर्ढेकरांच्या १९३९ सालच्या संग्रहाचे ‘शिशिरागम’ हे नाव या संकेताचे बळ दाखविते. पहिल्या साच्यात सुख हा हवेचा गुण ठरतो. दुसऱ्यात दुःख हा ऋतूचा स्वभाव ठरतो. दोहोंतही माणूस पाहणारा आहे, करणारा नाही. वर्धा जिल्ह्याच्या बोलीची साक्ष काढली असता ही उणीव विशेष स्पष्ट होते.

हा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याच्या पश्चिमेकडून वाहणारी वर्धा नदी ही जुन्या वऱ्हाड प्रांताची सीमा होती. त्यामुळे येथील बोलीत वऱ्हाडी व नागपुरी यांचा संगम आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ हे उच्चार, तसेच चतुर्थीचा ‘ले’ हा प्रत्यय, ही तिची परिचित लक्षणे होत. ‘हिवाळा’ येथे ‘हिवाया’ होतो. त्यातील ‘हिव’ म्हणजे संस्कृत ‘हिम’. प्रमाण मराठीत हा शब्द ‘हिवाळा’, ‘हिवताप’ यांसारख्या जोडशब्दांपुरता उरला आहे. खेड्यांतील बोलण्यात थंडीचे नाव म्हणून तो अद्याप स्वतंत्रपणे वावरतो.

तथापि शब्दांपेक्षा वाक्यरचनेची साक्ष अधिक मोलाची आहे. ‘मले थंडी वाजते’ या वाक्यात कर्ता थंडी होय. माणूस चतुर्थीत आहे. थंडी बाहेरून येते आणि माणसावर वाजते. ऊब मिळविण्याची वाक्ये मात्र निराळ्या घडणीची आहेत. ‘तो शेकत बसला’, ‘त्याने हात शेकले’, ‘ती उन्हात बसली’, ‘पोरांनी शेंगा भाजल्या’, या सर्वांत माणूस कर्त्याच्या जागी येतो. थंडी भोगावयाची असते, ऊब करावयाची असते, हा भेद व्याकरणातच नोंदलेला आहे. ही घडण प्रमाण मराठीतही आहे. परंतु ललित लेखनाने क्रियापदे सोडून ‘गुलाबी’, ‘सुखद’, ‘आल्हाददायक’ अशी विशेषणे पत्करली, आणि केलेले सुख आयते मिळालेले सुख म्हणून वाचकापुढे ठेवले.

या क्रियांची नावे किती नेमकी आहेत, हे खाण्याच्या पदार्थांवरून दिसते. ज्वारीचे कोवळे कणीस भाजले की हुरडा, हिरवा हरभरा झाडासकट भाजला की हुळा, गव्हाची ओली लोंबी भाजली की ओंब्या. क्रिया एकच, परंतु पिकागणिक नाव वेगळे. आणि ही नावे क्रमाने उच्चारली तर दिवाळीनंतरच्या दिवसांपासून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ मोजला जातो. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या आरंभी उतरतो आणि मृग बहार त्याच्या अखेरीस. म्हणजे काव्यसंकेताने ज्या महिन्यांवर ओसाडपणाचा शिक्का मारला आहे, ते येथे हाती व तोंडी काही येण्याचे महिने आहेत. ‘शिशिर’ हा शब्द येथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात नाही, हे केवळ अशिक्षितपणाचे लक्षण मानणे चूक होईल. त्या शब्दाने सुचविलेला अनुभवच येथे निराळा आहे.

यावरून कोणी दुसऱ्या टोकाला जाऊन ग्रामजीवनाचे गोड चित्र रंगवील, तर त्यालाही बोलीच अडवील. येथील शेकोटीला ‘पऱ्हाट्या’ आणि ‘तुराट्या’ लागतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. त्याचा कापूस हिंगणघाट किंवा पुलगावच्या बाजाराला जातो. दुसऱ्याच्या गादीत, रजईत, वस्त्रात त्याची ऊब होते. पिकविणाऱ्याकडे उरते ती वाळकी काडी, आणि तीही भडकन पेटून लवकर विझणारी. शेकोटीभोवतीची माणसे एकमेकांना खेटून बसतात याला जिव्हाळ्याइतकेच जळणाचे तुटपुंजेपणही कारण असते. दवाने भिजलेल्या पहाटे वेचणीला निघणारी बाई, शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून गव्हाला ओलीत करीत अंधारात उभा असलेला गडी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला गेलेला म्हातारा, या सर्वांना ही ऊब हवी असते. बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या शिवारात तर जागलीचा विस्तव हा सुखाइतकाच संरक्षणाचाही विषय आहे.

या दोन बाजू एका शब्दात धरण्याचे काम हिंगणघाट येथे जन्मलेल्या उद्धव शेळके यांनी केले. त्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिकचा दारिद्र्याशी व नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी चाललेला झगडा हा तिचा विषय आणि वऱ्हाडी संवाद हे तिचे सामर्थ्य, असे समीक्षेने वारंवार सांगितले आहे. शीर्षकाचा अर्थ मात्र बहुधा ‘होरपळ’ असा एकेरी केला जातो. वस्तुतः ऊब, धग व चटका हे तीन शब्द विस्तवापासूनचे अंतर सांगतात. दुरून ऊब लागते, जवळून धग, आणि स्पर्श झाला की चटका बसतो. धग ही मधली जागा आहे. तेथे माणूस शेकूही शकतो आणि भाजूही शकतो. कौतिक ज्या संसारासाठी जळते, त्याच संसाराजवळ तिला जगण्याची ऊब शोधावी लागते. विस्तवापासून दूर सरकणे तिला शक्य नाही, कारण दूर गारठा आहे. शीर्षक असे वाचले म्हणजे कादंबरीतील लहानसहान समाधानाचे क्षण दुःखाला उठाव देणारी पार्श्वभूमी राहत नाहीत. ते नायिकेच्या कर्तृत्वाचे पुरावे ठरतात.

येथे एक आक्षेप संभवतो. याच जिल्ह्यात, १९३०-३१ च्या हिवाळ्यात, विनोबांनी ‘गीताई’ रचली. आणि गीतेची शिकवण तर शीतोष्ण सोसावे अशी आहे. मग उबेचे एवढे कौतुक कशाला? परंतु गीतेनेही शीत व उष्ण हे येणारे-जाणारे स्पर्श मानले आहेत. ‘मले थंडी वाजते’ हे वाक्य त्याहून वेगळे काही सांगत नाही. तितिक्षा हे निवडून घेतलेले व्रत असते. ज्याला निवड नाही, त्याच्या सोसण्याला व्रत म्हणण्यापूर्वी तो सोसता सोसता काय करतो, हे पाहिले पाहिजे. तो शेकोटी पेटवितो आणि वाटेने जाणाऱ्याला ‘बसजो’ म्हणतो. ‘जो’ प्रत्ययाच्या या आज्ञार्थात हुकूम नाही. सवड झाली की ये, अशी मोकळीक त्यात आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे. २००६ साली शेतकरी-आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा प्रदेशाच्या वाङ्मयात सुख शोधणे हे निष्ठुरपणाचे नव्हे काय? उत्तर असे की, दुःखाचीच नोंद घेणारी समीक्षा त्या माणसाला पुन्हा चतुर्थीत बसविते. त्याला काय झाले, एवढेच ती सांगते; त्याने काय केले, ते सांगत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयापुरता नाही. सोयाबीनच्या प्रसाराने या भागातील ज्वारीचे क्षेत्र पुष्कळ घटले, आणि हुरडा शेतातून उठून ‘हुरडा पार्टी’च्या जाहिरातीत गेला. पूर्वी हुरडा भाजला जाई आणि वाटला जाई. आता त्याची तिकिटे विकली जातात. पदार्थ तोच राहिला, क्रियापदे बदलली. बोलींच्या अभ्यासकाने शब्दसंग्रह करताना नामांबरोबर त्यांची क्रियापदेही टिपून ठेवावीत, आणि ग्रामीण वाङ्मयाच्या समीक्षकाने पात्राला थंडी वाजते तेथेच न थांबता ते कशाने व कोणाबरोबर शेकते हे पाहावे. हिवाळ्याचे सुख त्या क्रियापदात आहे.