सुटीचे गाव आणि तपासाचे मौन : सिमेनॉनची ‘लिबर्टी बार’

रहस्यकादंबरीतील स्थळाचा गंभीर विचार मराठी समीक्षेत फारसा झालेला नाही. एखादा वाङ्मयप्रकार ‘रंजनप्रधान’ या सदरात जमा झाला की त्यातील स्थळ हे केवळ नेपथ्य ठरते. (बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, ही संख्या सांगितली की त्यांच्यावरचे भाष्य पुरे झाले, अशीच मराठीतील समजूत दिसते.) जॉर्ज सिमेनॉन यांची ‘लिबर्टी बार’ ही १९३२ मधील छोटेखानी फ्रेंच कादंबरी या समजुतीला छेद देते. तिच्यात निसर्गरम्य स्थळ हे गुन्ह्याची पार्श्वभूमी म्हणून येत नाही. तपासाच्या वाटेतील अडसर म्हणून येते.

कादंबरी घडते ती भूमध्य समुद्राकाठच्या आंतीब आणि कान या गावांत. या किनाऱ्याला ‘कोत दाझ्युर’, म्हणजे निळाईचा किनारा, हे नाव स्तेफाँ लिएझार यांच्या १८८७ च्या पुस्तकाने दिले. म्हणजे हा प्रदेश आधी वर्णिला गेला आणि मग त्या वर्णनाबरहुकूम सजवला गेला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये. प्रवासमार्गदर्शक पुस्तिकांच्या दृष्टीत रम्य देखावा तेवढा उरतो आणि माणसे लुप्त होतात, असे रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये दाखवले आहे. सिमेनॉन यांची कादंबरी नेमकी या लोपाच्या जागी सुरू होते. पॅरिसहून आलेला इन्स्पेक्टर मेग्रे आंतीबच्या स्थानकावर उतरतो तो सुटीची जाणीव घेऊनच. ऊन, समुद्र, कोटाला फूल लावून हिंडणारा स्थानिक पोलीस अधिकारी बुतिग; या साऱ्यात एका माणसाचा खून झाला आहे, ही गोष्ट जणू अप्रस्तुत ठरते. मेग्रेला आळस चढतो. तपास रेंगाळतो. हे रेंगाळणे रचनेतील शैथिल्य मानण्याचा मोह होतो. परंतु या कादंबरीचा खरा विषयच तो आहे.

मृत विल्यम ब्राऊन हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, लोकरीच्या व्यापारातील धनिक घराण्याचा कर्ता पुरुष. तो या किनाऱ्यावर आला आणि परतलाच नाही. कुटुंबाने त्याची संपत्ती रोखून त्याला मासिक तनख्यावर ठेवले. सुटी ही संस्था परतीच्या गृहीतावर उभी असते. ब्राऊनने ते गृहीतच मोडले. आंतीबच्या बंगल्यात तो एका प्रेयसीसह आणि तिच्या आईसह राहतो, आणि दर महिन्याला काही दिवस नाहीसा होतो. कुठे, हे शोधत मेग्रे कानच्या एका अरुंद गल्लीतील ‘लिबर्टी बार’मध्ये पोहोचतो. तिथे झाझा ही स्थूल, उतारवयाकडे झुकलेली मालकीण आहे आणि सिल्व्ही ही तरुण वेश्या. मागच्या खोलीत जेवण शिजते आणि आलेला माणूस घरच्यासारखा जेवायला बसतो. मेग्रेही बसतो. इथून समुद्र दिसत नाही. संपूर्ण कादंबरीत माणसांना वास्तव्य म्हणावे असे स्थळ हेच काय ते एक, आणि देखाव्यातून ते पूर्णपणे वगळलेले आहे.

रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची व दुसरी तपासाची, हे तोदोरोव्ह यांचे १९६६ मधील विवेचन सुपरिचित आहे. दुसरी कथा पहिलीचा माग काढते, पण तिच्यात स्वतः गुंतत नाही. ‘लिबर्टी बार’मध्ये हे अंतर टिकत नाही. ब्राऊन शरीराने मेग्रेसारखाच आहे. मेग्रे त्याच्या खुर्चीत बसतो, त्याच्यासारखाच सुस्तावतो, आणि या तादात्म्यातून त्याला खून कळतो. पुराव्यांची साखळी दुय्यम आहे. मृत्युपत्र व ऑस्ट्रेलियन मुलाचा व्यवहार हे धागे तर यांत्रिकच वाटतात. बंगल्यातील मायलेकींचे चित्रणही व्यंगचित्राच्या पलीकडे जात नाही.

मात्र शेवट विचारात पाडणारा आहे. खून झाझाने केला, तो मत्सरापोटी. ती आजारी आहे, फार दिवसांची सोबती नाही. मेग्रे तिला अटक करत नाही. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात रहस्यकथेचे कार्य निष्पापतेची पुनःस्थापना असे सांगितले: गुन्हेगार हुडकला जातो, समाजाबाहेर काढला जातो आणि समाज पुन्हा शुद्ध होतो. येथे काढून टाकायचे कोणाला? झाझा मुळातच त्या समाजाच्या हिशेबात नव्हती. मेग्रेच्या दयेचे वाचकाला कौतुक वाटते आणि मेग्रे-कथांचे चाहते त्याच्या करुणेचा गौरव करतात, तो या कादंबरीपुरता तरी अपुरा आहे. कारण ब्राऊनने महायुद्धकाळात फ्रेंच लष्करी गुप्तचर खात्यासाठी काम केले होते, आणि म्हणून प्रकरणाचा गाजावाजा नको, हा वरिष्ठांचा आदेश मेग्रे सोबत घेऊनच आलेला असतो. त्याची दया आणि खात्याची सोय यांचा परिणाम तंतोतंत एकच होतो: खरा गुन्हेगार कागदावर येत नाही, निळा किनारा निष्कलंक राहतो. दया खरी आहे, यात शंका नाही. पण दप्तर पाहणाऱ्या कोणालाही ती आज्ञापालनाहून वेगळी ओळखता येणार नाही, आणि ही अडचण कादंबरी लपवत नाही.

त्या आदेशातील ‘इस्त्वार’ या शब्दाला फ्रेंचमध्ये दोन अर्थ आहेत, बोभाटा आणि कथा. वरिष्ठांना नको असतो बोभाटा; दप्तरातून नाहीशी होते ती कथा. पॅरिसला परतल्यावर मेग्रे ती फक्त आपल्या पत्नीला, जेवणाच्या टेबलावर सांगतो.